सहा कोटी फेऱ्या आणि एक नारळ

कॉम्प्युटरसमोर नारळ फोडू नये, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. आणि असतं तरी रामभाऊंनी ते थोडंच वाचलं असतं? चौतीस वर्षं त्यांनी माळेगावच्या साखर कारखान्यात बॉयलरवर काढली. तिथं साधा पंप जरी उघडून, पुसून पुन्हा जोडला, तरी आधी नारळ फोडायचा आणि मग बटण दाबायचं, ही रीत. रीत मोडली आणि पुढं काही बिघडलं, तर सगळे न फोडलेल्या नारळाकडंच बोट दाखवणार. तेव्हा यंदाच्या चैत्रातल्या एका मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला, रामभाऊंनी पोराच्या खोलीत पोराच्या कॉम्प्युटरपुढं दगड ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी फोडतात तसा दणक्यात नारळ फोडला.

पाणी उडालं. निम्मं रामभाऊंच्या बनियनवर आणि निम्मं कॉम्प्युटरच्या डब्याच्या जाळीतून आत. रामभाऊंच्या ते ध्यानातही आलं नाही. त्यांनी रीतीप्रमाणं बटण दाबलं. यंत्र एकदा घुरघुरलं आणि गप्प झालं.

दुसऱ्या कुणाचं यंत्र असतं तर रामभाऊंनी दुकानदाराला चार शिव्या घालून विषय संपवला असता. पण हे अनयचं होतं, आणि अनयनं पाच महिने ह्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

अनय हा रामभाऊंचा एकुलता एक. बारामतीत राहून गणितात एम.एस्सी. झाला, पोरांच्या शिकवण्या घेऊन त्यातून हा जुना कॉम्प्युटर त्यानं आणला आणि त्याच्यावर एक हिशेब लावून दिला. जगभरातले हजारो हौशी लोक आपापली यंत्रं ह्या कामाला जुंपतात म्हणे. प्रत्येकाच्या वाट्याला एक भलीमोठी संख्या येते. ती मूळ संख्या आहे की नाही, एवढंच बघायचं. रामभाऊंना हे समजावून सांगायला अनयनं एकदा अंगणात उसाची कांडकी मांडली होती.

"आबा, ही तेरा कांडकी. ह्यांच्या एकसारख्या मोळ्या बांधून दावा."

रामभाऊंनी दोन-दोनच्या बांधल्या, एक उरलं. तीन-तीनच्या बांधल्या, एक उरलं. पाच-पाचच्या दोन झाल्या आणि तीन उरली.

"बसंना," रामभाऊ म्हणाले.

"कशीबी बांधा, बसायची न्हाईत. ही मूळ संख्या. तेराचं डोळ्याला दिसतंय. माझ्या संख्येचं न्हाय दिसत. दोनाला दोनानं गुणत जायचं, सहा कोटींच्या वर वेळा, आणि शेवटी त्यातला एक काढून टाकायचा. ती माझी संख्या. तिच्यात एक कोटी ऐंशी लाखांच्या वर आकडे हाईत."

"लिहून काढायची म्हटली तर?"

"सेकंदाला एक आकडा, जेवण न्हाय, झोप न्हाय, तर सात महिने लागतील. आणि आजवर सापडलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या हिच्या दुपटीच्या वर लांब हाय. चार कोटी दहा लाख आकड्यांची."

तपासायची तऱ्हा तर आणखीच न्यारी. चारापासून सुरुवात करायची. चाराला चारानंच गुणायचं, दोन वजा करायचे, त्या मोठ्या संख्येनं भाग द्यायचा, जी बाकी उरेल ती धरून पुन्हा तेच. अशा सहा कोटी फेऱ्या. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही. रामभाऊंनी बॉयलरवाल्याचा प्रश्न विचारला होता, "आन मधीच एखाद्या फेरीला चुकलं तर?"

"तर म्होरचं समदंच चुकलं," अनय हसून म्हणाला होता.

हे झालं गोडीगुलाबीचं. दिवाळी सरली आणि गोडी संपली. रामभाऊंनी ओळखीच्या साहेबाला शब्द टाकून अनयसाठी कारखान्याच्या ऑफिसात मुलाखत ठरवली होती. अनय नको नको म्हणत होता, ते रामभाऊंनी कानाआड केलं. मुलाखतीच्या दिवशी पोरगं गेलंच नाही. रामभाऊ घरी आले ते तापलेल्या तव्यासारखे. अनय कॉम्प्युटरपुढं बसलेला.

"ह्या तुझ्या आकड्याला बाजारात भाव काय रं?" असं म्हणाले आणि त्यांनी भिंतीतली पिन उपटली.

पडदा काळा झाला. अनयनं उलट शब्द काढला असता तर परवडलं असतं. त्यानं फक्त त्या काळ्या पडद्याकडं पाहिलं, पिशवी भरली आणि इंदापूर तालुक्यात शेळगावला, मामाच्या मळ्यात निघून गेला. जाताना आईच्या पाया पडला. बापाच्याही पडला. ते रामभाऊंना जास्त लागलं.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी रामभाऊ त्या खोलीत गेले आणि पिन पुन्हा भिंतीत खोचली. का खोचली, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. बंद पडलेलं यंत्र तसंच सोडून जायची त्यांच्या हाताला सवय नव्हती, एवढं मात्र खरं. यंत्र घरघरलं, पडदा उजळला, आणि एका कोपऱ्यात आकडा आला, ११.४. म्हणजे शंभरातलं साडेअकराच्या आसपास काम झालेलं. परवा जिथं तोडलं होतं, तिथूनच मुकाट पुन्हा सुरू. ना तक्रार, ना रुसवा. रामभाऊ खुर्ची ओढून त्या आकड्यापुढं बसले.

त्याच दिवशी त्यांनी बारामतीहून जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि कारखान्यातल्यासारखं लॉगबुक आखलं. तारीख, वेळ, काम किती झालं, ताप, शेरा, चार्ज देणार, चार्ज घेणार. ताप मोजायला काही नव्हतं, म्हणून डब्यावर हात ठेवून थंड, कोमट किंवा गरम असं लिहायचं. दिवसाला तीन पाळ्या, तीन नोंदी. 'चार्ज देणार' ह्या रकान्यात रामभाऊंची सही. 'चार्ज घेणार' रिकामा.

हे रिकामेपण समजायला कारखाना पाहिलेला असावा लागतो. बॉयलरवरचा माणूस पाळी संपली म्हणून उठून जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, चालू यंत्र नजरेखालून घालतो, वहीत सही करतो, तेव्हा पहिला सुटतो. पुढचा आलाच नाही, तर पहिल्यानं तिथंच बसायचं, मग दुसरी पाळी होवो नाहीतर तिसरी. अनय लहान असताना कितीदा तरी आईनं दिलेला दुसरा डबा घेऊन बॉयलरवर आला होता, कारण आबांना सोडवणारा आलेला नसायचा.

पद्माताई रोज लेकाशी फोनवर बोलायच्या. रामभाऊंची सक्त ताकीद, मशीनचं नाव काढायचं नाही.

"का पण? त्याला बरं वाटंल," पद्माताई म्हणायच्या.

"पुरं झाल्याबिगर सांगायचं न्हाय. अर्ध्यात बंद पडलं म्हंजी पुन्यांदा त्वांड दावायला जागा ऱ्हायाची न्हाय."

"तिकडं त्यो विचारतोय आबा काय म्हणत्यात, हितं तुमी विचारताय त्यो काय म्हणला. दोघांकडं फोन हाईत, आन् मदी मी. खाण तशी माती," असं म्हणून पद्माताई भाकरी थापायला लागायच्या.

थंडी गेली, उन्हाळा आला. वीज जायची तेव्हा यंत्र बंद, यायची तेव्हा सुरू. हात लावावा तर 'गरम', दुपारी तर 'लई गरम'. रामभाऊंनी खिडकीला ओलं गोणपाट बांधलं, घरातला एकुलता एक टेबलफॅन यंत्राकडं वळवला आणि स्वतः घाम पुसत बसले. आतला छोटा पंखा कुरकुरायला लागला, तसं एक दिवस काम थांबवून त्यांनी डबा उघडला, धुळीचा थर ब्रशनं काढला, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पंख्याला दिला आणि सगळं जागच्या जागी जोडलं. इथवर उत्तम. मग तो नारळ.

नारळानंतरचे दोन दिवस रामभाऊंनी कसे काढले ते पद्माताईंनाच ठाऊक. यंत्राचे सुटे भाग सुपात मांडून उन्हात ठेवलेले, आणि हे शेजारी कुरडयांची राखण करावी तसे काठी घेऊन बसलेले. पद्माताईंना आधी हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं. मग नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हसू आपोआप गेलं. गुरुवारी सगळं जोडून रामभाऊंनी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. नारळ नाही, काही नाही. यंत्र सुरू झालं. पण थांबवलं तेव्हा आकडा होता ८१.६, आणि आता दिसत होता ८१.५.

म्हणजे काहीतरी सांडलं. काय सांडलं, किती सांडलं, ते कळायला मार्ग नाही. वही उघडून रामभाऊंनी जे घडलं ते लिहून ठेवलं. लॉगबुकात खोटं लिहायचं नसतं, वाफ कुणाची भीड धरत नाही, हे त्यांनी चौतीस वर्षांत शेकडो नव्या पोरांना शिकवलं होतं.

वैशाखातल्या एका गुरुवारी, सव्वाअकराला काम पुरं झालं. पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली. रामभाऊंना बॉयलरच्या पुस्तकांपुरतं इंग्रजी येत होतं. 'नॉट' त्यांना कळलं, आणि त्याच्या पुढचं 'प्राइम' अनयनं शिकवलेलं होतं. मूळ नाही. त्याखाली अक्षरं-आकडे मिळून सोळा खुणा, उरलेल्या बाकीची खूण म्हणून.

शून्य यायला हवं होतं. रामभाऊंनी साडेसहा महिने मनात शून्यच धरलं होतं. पोराची संख्या मूळ निघेल, पेपरात नाव येईल, आणि मग आपण म्हणू, चल घरी. आता काय म्हणायचं? त्यांना खात्रीच पटली, नारळाच्या पाण्यानं एखादी फेरी चुकली आणि म्होरचं समदंच चुकलं. पोरानं लावलेली एक गोष्ट, ती आपण एकदा पिन उपटून मोडली आणि दुसऱ्यांदा पूजा करून.

सोळा अक्षरं त्यांनी वहीत उतरवली. तीनदा ताडून पाहिली.

"फोन करा की," पद्माताई म्हणाल्या.

"फोनवर सांगायची गोष्ट न्हाय ही. मी जातो उद्या."

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या स्टँडवर त्यांनी इंदापूरची एसटी धरली. वही पिशवीत, पिशवी मांडीवर. पद्माताईंनी दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पायाशी. शेळगावच्या फाट्यावर उतरले तेव्हा नऊ वाजले होते आणि ऊन अंगाला टोचायला लागलं होतं. मळ्याच्या तोंडाशीच मेहुणा भेटला.

"या दाजी," झुंबरराव म्हणाले. "मी म्हणलं, वाट इसरला का काय आमची."

"पोरगं कुठं हाय?"

"पेरूत हाय. सकाळी पिशव्या घालतंय फळांना, दुपारी इंदापुरात क्लासवर शिकवाया जातंय. काय बोलू नका त्याला, दाजी. लई गुणी हाय."

"मी काय बोलाया आलो न्हाय," रामभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा आला की झुंबररावांनी लगेच पेरूच्या बागेकडं बोट केलं.

अनय झाडाखाली वाकून लिंबाएवढ्या पेरूंना फोमची जाळी आणि वरून पिशवी चढवत होता. वाळला होता. दाढी वाढली होती. बापाला बघून तो सरळ झाला.

"आबा? आई बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. लाडू दिल्यात." रामभाऊंनी डबा पुढं केला. रस्ताभर जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं होतं. "तुजं मशीन. ते मी लावलं हुतं परत."

अनय बघतच राहिला. "कवा?"

"तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी. रोज चालू हुतं. काल पुरं झालं. पर मूळ न्हाय निघाली रं. ते... त्यात नारळाचं पाणी गेलं."

"काय गेलं?"

"नारळाचं पाणी. पंखा साफ केल्ता, मग चालू करायच्या टायमाला..." रामभाऊंनी हातानंच नारळ फोडून दाखवला.

अनयला हसू फुटत होतं, पण बापाचे डोळे बघून तो हसला नाही. "बाकी उतरवून आणलीया का?"

रामभाऊंनी वही काढली. अनयनं पिशव्या खाली ठेवल्या आणि बापाला घेऊन शेततळ्याच्या बांधावर चढला, कारण अख्ख्या मळ्यात मोबाइलला रेंज तिथंच. चढता चढता म्हणाला, "आबा, एक गोष्ट तुमाला सांगायची ऱ्हायली हुती. प्रत्येक संख्या दोघं जण तपासत्यात. वेगळ्या गावात, वेगळ्या मशीनवर. ही आधी एकानं तपासलीया, नऊ वर्षांमागं. त्याची बाकी ह्या कामाच्या मुख्य कचेरीत लपवून ठेवल्याली असती. घरच्या मशीनला नेट न्हाय, तवा आपली बाकी फोनवरनं धाडायची. दोन्ही जुळल्या तर काम खरं. न्हाय जुळल्या तर कुणीतरी चुकलं."

"आन् आपलं न्हाय जुळलं तर?"

"वाचा तुमी."

रामभाऊंनी चष्मा लावला. प्रेशरचा काटा वाचून दाखवावा तसं एकेक अक्षर सावकाश, खणखणीत वाचलं. "सात. बी. शून्य. चार. ई. नऊ." प्रत्येकाला अनय "हां" म्हणायचा आणि फोनवर टिपायचा. अकराव्या अक्षरापाशी रामभाऊंनी चष्मा काढून पुसला, तेव्हा अनय थांबला आणि म्हणाला, "घाई न्हाय, आबा." सोळा झाली. अनयनं बटण दाबलं.

रेंज गेली. तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या काळ्या कागदावर पाणी हलत होतं. दोघंही त्या एवढ्याशा फोनकडं मान खाली घालून उभे होते, आणि रामभाऊंना वाटलं, एवढी वाट तर ह्या पोराच्या जन्माच्या वेळीही दवाखान्याच्या पायरीवर पाहिली नव्हती.

रेंज परत आली. "जुळलं," अनय म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "आबा, जुळलं!"

पडद्यावर दोन नावं होती. वर पोलंडमधला कुणी माणूस, खाली अनय.

"म्हंजी नारळानं..."

"कायसुदिक झालं न्हाय. सहा कोटी फेऱ्यांत एक आकडा जरी हलला असता, तरी ही सोळा अक्षरं जुळली नसती. आकडा मागं दिसला असंल, तर ते शेवटचं साठवल्यालं तितून पुन्यांदा सुरू झालं एवढंच."

"पर मूळ तर न्हाय निघाली."

"न्हाय निघाली. हे बी कुणीतरी सांगाया लागतंच की. आता ह्या संख्येच्या वाटंला पुन्यांदा कुणी जाणार न्हाय."

रामभाऊंनी जरा विचार केला. "हितं बोर घेऊ नका, पाणी न्हाय, असं सांगितल्यागत."

"व्हय. आन् ते खरं निघाल्यागत."

रामभाऊ मटकन बांधावरच बसले. अनय शेजारी बसला आणि वही त्यानं मांडीवर ओढली. पानं उलटायला लागला. पावणेसहाशे ओळी, तीच आखीव अक्षरं. 'सकाळी ६. २७.३. थंड. ठीक.' 'दुपारी २. ५२.९. गरम. गोणपाट बांधले.' 'वीज नाही. बसून आहे.' हे 'बसून आहे' कितीतरी ठिकाणी होतं. मग चैत्रातलं पान आलं. 'मंगळवार, सकाळी ९.४०. ८१.६. नारळ फोडला. पाणी आत गेले. यंत्र बंद. चूक माझी.'

अनयनं ते दोनदा वाचलं. आपल्या बापाच्या तोंडून हे दोन शब्द त्यानं जन्मात ऐकले नव्हते. आईनंही ऐकले नसतील. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं वही एकदम मागं नेली, पहिल्या पानावर, पहिल्या ओळीला.

'सकाळी ७. ११.४. थंड. परवा पिन मी ओढली. पोरगा गेला. चूक माझी.'

रामभाऊ तळ्याकडं बघत होते. ती ओळ तिथं आहे, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. अनयनं मनगटानं डोळे पुसले, हाताची धूळ गालाला लागली. तो पुन्हा शेवटच्या पानावर आला. उजवीकडचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. सगळी पानं तशीच. त्याचा अर्थ त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. दुसरा डबा घेऊन जायचा तेव्हापासून त्याला तो ठाऊक होता.

"आबा, पेन हाय का?"

रामभाऊंनी खिशातलं पेन काढून दिलं. अनयनं शेवटच्या ओळीत, 'चार्ज घेणार'च्या खाली, सही केली.

रामभाऊंनी वही घेतली, चष्मा सारखा केला, सही निरखली.

"वेळ घाल की," ते म्हणाले. "नुसती सही चालत न्हाय."

अनयनं फोनवर बघून वेळ घातली, दहा वाजून पाच मिनिटं. मग म्हणाला, "झालं. सुटला तुमी. आता हितं मामाकडं दोन घास खावा आन् जरा पडा. दुपारच्या गाडीनं मी बी येतो संगं."

"आन् क्लास?"

"सांगतो त्यास्नी. दोन दिवस रजा. म्होरची संख्या लावाया लागंल न्हवं मशीनला."

झुंबररावांच्या पडवीत रामभाऊ आडवे झाले ते लगेच घोरायला लागले. वही उशाला होती. पोरगा पायाशी बसून लाडू खात होता.